नाचणी

पिसवाडीत नाचणी आली, त्या वर्षी रत्नमाला कासुर्डेच्या नवऱ्याचा मणका दुसऱ्यांदा सरकला होता. सर्जेराव वाशीच्या मसाला बाजारात हमाली करायचा. जावळीच्या डोंगरातल्या निम्म्या घरांतला एक तरी गडी तिथंच पाठीची वाट लावून घेत असे. अलीकडं बहुतेक पोती यंत्रंच उचलत. यंत्राला वळायला जागा नाही अशा अरुंद गाळ्यांतली ओझी तेवढी माणसांच्या वाट्याला उरली होती, म्हणजे सगळ्यांत अवघड तीच. त्यामुळं पुण्याहून एक बाई आली आणि मधमाश्यांच्या जिवावर गडीमाणूस घरी राहू शकेल असं म्हणाली, तेव्हा गाव हसलं, पण रत्नमाला पदर खोचून सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली.

मधमाश्या गावाला नव्या नव्हत्या. सातेरी माशीच्या दोन-चार पेट्या प्रत्येक परसात होत्या. पण मधावर मीठमिरची भागायची, संसार भागत नसे. डोंगरातली फुलं शेतातल्या पिकासारखी एका जागी थोडीच असतात? आज या घळीतलं जांभूळ फुलतं, चार दिवसांनी त्या कड्याखालचा गेळा. माश्यांचा निम्मा हंगाम हुडकण्यातच जायचा.

त्या बाई म्हणजे डॉ. शबाना मुजावर. मूळच्या कऱ्हाडच्या, त्यामुळं बोलणं गावाला समजेल असं. शाळेच्या पडवीत त्यांनी एक काचेची पेटी मांडली, भोवती लाल कागद लावला. लाल उजेड माशीला दिसत नाही, तिच्या लेखी आत अंधारच, असं त्यांनी सांगितलं.

"ही बघा, आत्ता बाहेरून आली."

उभ्या पोळ्यावर एक माशी अंग थरथरवत सरळ रेघेत पुढं जात होती. मग अर्धा फेरा घेऊन मागं यायची, पुन्हा तीच रेघ, पुन्हा तीच थरथर. चार-पाच माश्या तिच्या अंगाला शिंगं लावून तिच्यामागं फिरत होत्या.

"ही नुसती नाचत नाही, सांगते आहे," मुजावर मॅडम म्हणाल्या. "पोळ्यावर वरची बाजू म्हणजे सूर्य. माशी सरळ वर नाचली तर सूर्याच्या दिशेनं जा. सरळ खाली नाचली तर सूर्याकडं पाठ करून जा. उजवीकडं कलली तर सूर्यापासून तितकंच उजवीकडं. आणि थरथर जितका वेळ चालते, तितकं फूल लांब."

"म्हंजे ही वाट सांगती व्हय?" रत्नमालानं विचारलं.

"दिशा आणि अंतर सांगते. वाट जिची तिनं काढायची."

मग त्यांनी यंत्र दाखवलं. काडीएवढ्या दांडीच्या टोकाला माशीच्या आकाराचं एक बोंडुक, त्यावर त्याच पेटीतल्या मेणाचा लेप, म्हणजे वास घरचाच. दांडी पोळ्यापाशी नेली. फोनवर गावाचा नकाशा होता. मॅडमनी ओढ्याकाठच्या एका झाडावर बोट ठेवलं. यंत्रानं सूर्य कुठं आहे ते मोजलं आणि ते बोंडुक थरथरू लागलं. आधी दोन माश्या मागं लागल्या, मग दहा. थोड्या वेळानं ओढ्याकडून पोरं ओरडत आली, झाड माश्यांनी भरलंय म्हणून.

"हिला नाचणीच म्हणा की," कुणीतरी म्हणालं. "ती पोटाला घालती, ही बी घालंल." सगळे हसले आणि नाव पडलं ते पडलंच.

शोध मॅडमचा होता, यंत्रं बनवणारी कंपनी वेगळी. कंपनीचं गणित सोपं होतं. खालच्या पठारावर स्ट्रॉबेरीच्या शेडच्या शेड उभ्या होत्या आणि फळ नीट धरायला बागवाल्यांना माश्या हव्या होत्या. नाचणी माश्यांना नेमक्या शेडवर धाडणार, बागवाले हंगामाचं भाडं देणार, मध पेटीवाल्याचा. नकाशा गावात एकाच्याच फोनवर राहणार होता. तो बचतगटाची प्रमुख म्हणून रत्नमालाकडं आला. मॅडमनी तिला काचेच्या पेटीपुढं बसवून नाच वाचायलाही शिकवलं. बाकीच्यांनी तो नाद चार दिवसांत सोडला. ती मात्र सूर्याकडं एकदा बघून माशी कुठल्या झाडाचं बोलते आहे ते सांगू लागली.

पडवीत नाचणी दाखवली त्या दिवशी तिचा थोरला भाऊ राघू दानवलेही आला होता. दरीपलीकडच्या माचीवर त्याचं घर, म्हणजे तिचं माहेर. उडत गेलं तर समोरच; पायवाटेनं दरी उतरून चढायची म्हणजे छाती फुटायची. पेट्या सगळ्यांत जास्त त्याच्याच होत्या.

"माझ्या पेट्यांना बी बसवा," राघू म्हणाला.

मॅडमबरोबर आलेल्या कंपनीच्या माणसानं फोन बघितला. माचीवर टॉवरची रेंज पोचत नव्हती. रेंज नाही तर नाचणी चालणार नाही.

"म्हंजे मीच तेवढा ऱ्हायलो," राघू म्हणाला आणि चहाही न घेता माची चढून गेला.

* * *

पहिल्याच हंगामानंतर सर्जेराव घरी आला तो राहायला आला. सकाळी उठून तो पाठ सरळ करायला भिंतीला टेकून उभा राहायचा, मग पेट्या साफ करायला जायचा. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. त्यांतली दोन वर्षंही दोघांनी सलग एका घरात काढली नव्हती. आता तो चुलीपाशी बसून भाकरी गरम गरम खायचा आणि रत्नमालाला ते बघत राहावंसं वाटायचं. गावातले आणखी सात-आठ गडी परतले. लखू शेलारनं घरावर पत्रा घातला, पोरीला साताऱ्याला नर्सिंगला घातलं. पेट्या वाढत वाढत तीनशेवर गेल्या. कंपनी दरवर्षी नव्या राण्या आणून देई. नाचणीचं नीट ऐकणाऱ्या वसाहतींतून निवडलेल्या, असं त्यांचा माणूस सांगायचा. लोक त्या आनंदानं घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी ऐन फाल्गुनात गारपीट झाली. शेडचे कागद फाटले, स्ट्रॉबेरीचा फुलोरा काळा पडला. यंदा माश्या नकोत, असा बागवाल्यांचा निरोप आला. गावाच्या अंगाची जांभळंही गारांनी झोडून काढली होती. पेट्या उघडल्या की माश्या कोरड्या पोळ्यावर नुसत्या बसलेल्या दिसत.

समोर माचीवर मात्र कड्याच्या आडोशानं जांभळं वाचली होती. दरीच्या अलीकडूनही त्यांचा पांढुरका फुलोरा दिसत होता.

रत्नमालानं नकाशा उघडला. सर्जेराव मागून वाकून बघत होता.

"ती राघूभाऊची जांभळं," तो म्हणाला.

"झाडाला कुणाचं नाव असतंय व्हय? जंगल सगळ्यांचं."

"तसं न्हवं. त्याच्या पेट्या त्याच्यावरच जगत्यात."

"त्याच्या माश्या दुसरीकडं हुडकतील. आपल्या हुडकत्यात का? आपल्यांना सांगावं लागतंय."

"एकदा विचार तरी त्याला."

"विचारायला जायाचं आन् यायाचं म्हंजे दीस गेला. तवर पेट्या मरतील." तिनं माचीवर बोट ठेवलं आणि पीठ मळायला गेली.

तीनशे पेट्यांच्या माश्या दरीवरून जाऊ लागल्या. आठवडाभर दरीत उभं राहिलं की डोक्यावरून पाणी वाहावं तसा आवाज यायचा. जांभळं शोषून झाली तरी नाचणी माचीकडंच धाडत होती. रत्नमालानं नकाशावरची जागा बदललीच नव्हती. भुकेल्या माश्यांना फुलात काही मिळेना, तेव्हा त्या राघूच्या पेट्यांत शिरल्या.

राघू आला तो सकाळी, हातात एक रिकामी फ्रेम घेऊन. ती त्यानं उंबऱ्यावर ठेवली. पोळ्याची भोकं कुरतडलेली होती, मधाचा टिपूस नव्हता.

"चाटून पुसून नेलंय," तो म्हणाला. "उरल्या त्या घर सोडून गेल्या. समद्या पेट्या रिकाम्या, माले."

"दादा, मला काय ठावं तुझ्या पेट्यांत..."

"तुला ठावं न्हवतं?"

सर्जेराव खाली बघत होता.

"मागायचं हुतंस," राघू म्हणाला. "मी दिलं असतं."

फ्रेम तशीच टाकून तो गेला. त्या दिवाळीला रत्नमालानं भाऊबीजेचं ताट तयार केलं आणि संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं. पुढच्या दिवाळीला केलंच नाही.

* * *

मुजावर मॅडम चौथ्या वर्षी पुन्हा आल्या. केस पांढरे झाले होते आणि या वेळी कंपनीचं कुणी बरोबर नव्हतं. त्यांनी पुन्हा काचेची पेटी मांडली. आतल्या माश्या पिसवाडीच्याच होत्या. नाचणी त्यांनी बंद केली.

"आता बघा."

बराच वेळ काही झालं नाही. मग एक माशी थरथरू लागली. रेघ वाकडी, प्रत्येक फेऱ्याला नवी दिशा, थरथर कधी लांब, कधी तुटक. दोन माश्या तिच्यामागं गेल्या आणि गोंधळून बाजूला झाल्या. रत्नमालानं दोनदा वाचायचा प्रयत्न केला. कुठल्याच झाडाकडं ती रेघ जात नव्हती.

"ही दारू प्याल्यावानी करती," ती म्हणाली.

"हिला कुणी शिकवलेलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "माशीला नाच जन्मतः येतो असं आम्हीही मानायचो. अर्धाच येतो. उरलेला ती शिकते. उडायला लागायच्या आधी म्हाताऱ्या माश्यांच्या मागं फिरून, त्यांच्या नाचाला अंग लावून. ते दिवस हुकले की मग जन्मभर नीट येत नाही."

"पण नाचणी तर रोज नाचती की," लखू शेलार म्हणाला. "तिच्याकडनं शिकाव्या."

"तेच सांगायला आले आहे. माश्यांची आपसात एक खूण असते. तिकडं धोका आहे, बोलू नको, अशी. डोक्यानं ढुशी द्यायची आणि बारीक किर्र करायचं. कंपनीला माश्या शेडांवर मोजून वाटायच्या होत्या. एखादी माशी स्वतःहून दुसऱ्या झाडाचं सांगायला लागली की वाटणी बिघडते. म्हणून ती ढुशी नाचणीत घातली. पेटीत कुणी तोंड उघडलं की नाचणी तिला गप्प करते. वर तुम्हाला दिलेल्या राण्याही कमीत कमी नाचणाऱ्या वसाहतींतल्या. चार वर्षांत माश्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. या फक्त ऐकायला शिकल्या. बोलणारी एकही उरली नाही."

"तुम्हाला हे ठावं हुतं?" रत्नमालानं विचारलं.

"ढुशीचं ठाऊक होतं. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं." मॅडमनी काचेवरचा लाल कागद नीट केला. "पठारावर जिकडं तिकडं फुलं असतात, तिथं न नाचता निभतं. तुमच्या डोंगरात नाही निभणार. निम्म्या पेट्यांतल्या नाचण्या आत्ताच काढा. दोन हंगाम त्या पेट्या काही देणार नाहीत, काही मरतीलही. पण जगतील त्या शिकतील."

सभा बोलावली. दोन हंगाम निम्म्या पेट्या रिकाम्या ठेवायच्या, हे ऐकूनच लोक उठू लागले. लखूच्या पोरीचं नर्सिंग अजून पुरं व्हायचं होतं. ज्यांचे गडी परतले होते त्या बायका रत्नमालाकडं बघत होत्या. तिनं सर्जेरावकडं बघितलं. तो भिंतीला पाठ टेकून उभा होता.

"नाचणी चालू हाय तवर माश्यांना काय कमी हाय?" ती म्हणाली. "पुढचं पुढं बघू."

मॅडमनी वाद घातला नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "निदान नाचणी न बसवलेल्या चार वसाहती तरी राखून ठेवा. शिकवायला लागतील. आहेत ना कुठं? पहिल्या वर्षी पलीकडच्या माचीवरचे एक दादा आले होते. त्यांच्याकडं रेंज नव्हती."

लखू म्हणाला, "त्याच्या समद्या गेल्या."

* * *

पुढचं लवकरच आलं. बागवाल्यांना पंख्याच्या वाऱ्यावर फळ धरणारी स्ट्रॉबेरी मिळाली. त्यांना माशी नको झाली, मग कंपनीला पिसवाडी नको झाली. फोनवर एक निरोप आला, आभार मानणारा. दुसऱ्या दिवशी नकाशा उघडेना आणि तीनशे पेट्यांतल्या दांड्या जागच्या जागी थांबल्या.

त्या वर्षी जांभळं अशी फुलली होती की म्हातारी माणसंही म्हणाली, असा बहर बघितला नाही. गावाच्या वरच्या अंगाला वास कोंदला होता. माश्या सकाळी पेट्यांतून निघायच्या, घिरट्या घालायच्या, पांगायच्या. पुष्कळशा सवयीनं पठाराकडं जाऊन शेडच्या बंद जाळीवर आपटायच्या. एखादीला चुकून जांभूळ सापडे; ती पोटभर घेऊन येई, पोळ्यावर थरथरू लागे. तिच्यामागून ज्या जात, त्या भलतीकडं जाऊन उपाशी परतत. काही परततच नसत.

रत्नमालानं सगळ्यांना साखरेचा पाक ठेवायला सांगितला. पाकावर माश्या तगत होत्या, पिलावा, म्हणजे घरांतली अंडी-अळ्या, मात्र वाढत नव्हता. पेट्यांच्या दारांशी मेलेल्या माश्यांचे ढीग साचू लागले. ती रोज सकाळी ते झाडून काढायची आणि झाडताना वर, फुलांकडं बघायची नाही.

मॅडमना फोन केला. त्यांनी एक उपाय सांगितला. नाचणाऱ्या माश्यांची एक जरी वसाहत कुठं मिळाली, तर तिच्यात पिसवाडीच्या पेट्यांतला पिकत आलेला पिलावा ठेवायचा. त्यातून निघालेल्या माश्या त्या म्हाताऱ्यांत वावरतील, शिकतील. मग त्या परत आणून पेट्यांत वाटायच्या. एका वसाहतीवर पाच-सहा पेट्या सावरतील, पुढच्या वर्षी त्यांवरून आणखी.

"राघूच्या गोठ्यामागं हिरड्याच्या ढोलीत एक मोहोळ हाय," एक गुराखी म्हणाला. "त्याच्याच एका पेटीतनं उठून गेलेलं असंल."

सगळे रत्नमालाकडं बघू लागले.

ती दुसऱ्या दिवशी निघाली. आपल्या पेट्यांतल्या दोन फ्रेमा ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत घेतल्या. गेल्या दोन वर्षांत ही दरी ती उतरली नव्हती.

राघू गोठ्यात शेण काढत होता. तिला बघून त्यानं खोरं थांबवलं नाही.

"ऐकलंय मी," तो म्हणाला. "गावात माश्या मरत्यात म्हणं."

"व्हय."

"समोर येवढी जांभळं फुलल्यात आन् मरत्यात?"

"त्यांना सापडत न्हाईत दादा."

खोरं थांबलं. तो गोठ्यातून बाहेर आला, हात धुतले. तिनं मॅडमचा उपाय सांगितला. मागच्या सगळ्याबद्दल तिला काहीतरी बोलायचं होतं. दरी चढताना तिनं शब्द जुळवलेही होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "मला तोंड न्हाई तुझ्याकडं मागायला."

राघू हिरड्याकडं बघत राहिला. ढोलीच्या तोंडातून माश्या येत-जात होत्या, भरल्या अंगानं, घाई नसलेल्या.

"तुझं ऱ्हाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "पर माश्यांनी काय घोडं मारलंय? दाव, काय आणलंयस."

तिनं फडकं सोडलं. उन्हात फ्रेम तिरकी धरली आणि तिचा हात थांबला. पिलाव्याची काही झाकणं आत खचली होती, काहींना बारीक भोक पडलं होतं. तिनं करवंदीचा काटा मोडून एक घर उघडलं. आतली अळी ताठ उभी होती, तोंड काळपट; काट्यानं उचलली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबली. घाईत सकाळी तिनं नीट बघितलंच नव्हतं.

हा रोग तिनं एकदाच, प्रशिक्षणात चित्रात बघितला होता. मागं कधीतरी याच रोगानं सातेरीची मोहोळंच्या मोहोळं मेली होती. माचीवर तो कधी आला नव्हता. राघूला तो ओळखू आला नसता. तो धुराडं पेटवत होता, पाठमोरा.

कदाचित लागणार नाही, तिच्या मनात आलं. त्या माश्या धट्ट्याकट्ट्या आहेत. सर्जेरावनं कालच ट्रंकेतून वाशीचा जुना पट्टा काढून बघितला होता, ओझं उचलताना कमरेला बांधायचा.

"आण हिकडं," राघू म्हणाला.

"नको दादा."

"का? आता माझं नको झालं व्हय?"

"रोग हाय ह्यात. तुझ्या बी मरतील."

राघूनं तिच्या हातातली फ्रेम बघितली, मग तिचं तोंड बघितलं. तिनं दोन्ही फ्रेमा फडक्यात घट्ट गुंडाळल्या, टोपलीत ठेवल्या. तो तिला दरीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला.

* * *

गाव पारावर वाट बघत होतं. तिनं आहे ते सगळं सांगितलं. मोहोळ आहे, राघू द्यायला तयार होता, आपल्या पिलाव्यात रोग आहे, म्हणून परत आणलं. रोगाच्या फ्रेमा जाळायला हव्यात, एकूणएक पेट्या बघायला हव्यात.

"माझ्या पेट्यांत रोग न्हाई," लखू म्हणाला.

"दिसत नसंल. असंल."

"तुझ्या पेट्यांत निघाला म्हणून माझ्या पेट्या मारायच्या? त्या टायमाला भावाच्या पेट्या लुटल्यास, आता भावासाठी गावाला मारतीस." त्याचा आवाज चिरकला. "पोरीचं शेवटचं वर्ष हाय गं मालाताई."

कुणी तिची बाजू घेतली नाही. सर्जेराव तिला घरी घेऊन आला. रात्री जेवताना तो म्हणाला, "सोमवारच्या गाडीनं जातो. मुकादमाला फोन केलाय." ती ताटावरून उठली नाही, पण घासही उचलला नाही.

सकाळी सर्जेरावच धावत आला. लखू आणि चौघंजण कुऱ्हाड, रिकामी पेटी घेऊन माचीकडं गेले होते.

ती पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. हिरड्याचं खोड ढोलीपाशी उभं चिरलं होतं, पांढरी लाकडं इकडंतिकडं पडली होती. राघू गोठ्याच्या मेढीला टेकून बसला होता. कपाळावर खोक पडली होती आणि रक्त भुवईवर सुकलं होतं. त्याला दोघांनी धरून ठेवलं होतं, म्हणाला. मारायचं नव्हतं त्यांना, तोच हिसडे देत होता.

लखूनं पोळी कापून राणीसकट माश्या पेटीत भरल्या होत्या. पेटी त्याची जुनी, आत त्याचीच जुनी पोळी. माश्या त्यात काही ठरल्या नाहीत. झाकणाच्या फटीतून भराभर बाहेर पडल्या आणि कड्याच्या टोकावर झुकलेल्या जांभळाच्या फांदीला घोस करून लटकल्या. खाली सरळ दरी. फांदीपर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. लखू आणि त्याची माणसं डंखांनी सुजलेली तोंडं वर करून उभी होती.

रत्नमाला कड्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकी गेली.

घोसाच्या उन्हातल्या अंगावर माश्या नाचत होत्या. नवीन घर हुडकायला गेलेल्या परत येत आणि माश्यांच्याच पाठींवर रेघ ओढत. तसला सरळ, स्पष्ट नाच तिनं कित्येक वर्षांत बघितला नव्हता. सुरुवातीला तीन दिशा होत्या. एक आखूड, दोन लांब. बघता बघता आखूडवाली थांबली. दुसरी डळमळली. मग सगळ्या एकच बोलू लागल्या, सरळ खाली, किंचित डावीकडं. सूर्य पूर्वेला होता. थरथर लांबच लांब चालायची. रत्नमालाला ती मनातल्या मनात मोजता आली आणि कड्यापलीकडची ती जागाही तिच्या डोळ्यांपुढं आली.

एकदम घोस सुटला. हवा आवाजानं भरली, माश्यांचा ढग एकदा त्यांच्या डोक्यांवर फिरला आणि कड्यावरून कोकणाच्या बाजूला गेला.

"मालाताई," लखू धापा टाकत तिच्याजवळ आला. "तुला वाचता येतं. कुठं गेल्या?"

"दिसलं की तुला बी. कोकणाकडं."

"खाली दहा घळी हायत. कुठल्या?"

खाली जंगल दाट होतं. करवंदीच्या जाळ्या, कातळ, कोरड्या धबधब्यांचे काळे पट्टे.

"न्हाई कळलं," ती म्हणाली.

लखूनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग तो चिरलेल्या खोडाजवळ जाऊन बसला आणि सुजलेलं तोंड दोन्ही हातांत धरून रडू लागला. बाकीच्यांनी त्याला उठवलं, पेटी उचलली. ते दरी उतरताना दिसेनासे होईपर्यंत भाऊ-बहीण तिथंच होते.

त्या आठवड्यात पिसवाडीच्या पेट्या एकेक करून मेल्या. उरल्या त्या लोकांनीच जाळल्या. सोमवारी सर्जेराव गेला, त्याच्या मागून लखू गेला. पण तेव्हा, माचीवर, यातलं काहीच अजून घडलं नव्हतं. रत्नमालानं पदर ओला करून राघूच्या कपाळावरचं रक्त पुसलं. त्यानं पुसू दिलं.

"खरंच न्हाई कळलं तुला?" त्यानं विचारलं.

"कळलं."

राघूनं तिचा हात बाजूला केला आणि कड्याकडं बघितलं.

"मग कुणाला सांगू नकोस, माले," तो म्हणाला. "मला बी न्हाई."